बोटांना भेगा, सालं निघतायत, कणीक मळताना जीव जातो. कोणाला अनुभव?

पोळीभाजी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, इथे वाचते रोज, धागा पहिल्यांदा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवा.

मी घरून डबे देते, सहा वर्षं झाली. सध्या 35 डबे आहेत म्हणजे रोजच्या दीडेकशे पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात. लाटायला एक ताई येतात पण कणीक मीच मळते, त्यांच्या हातची घट्ट होते आणि मग डब्यात पोळी वातड झाली की फोन मला येतात. भांड्यांना बाई आहे पण मोठी पातेली आणि परात ती घेत नाही, ते मीच घासते.

तर हाताचं असं झालंय की बोटांची टोकं आधी कोरडी पडली, मग चकचकीत आणि कडक झाली, कागद चिकटवल्यासारखी, मग पापुद्रे निघायला लागले आणि आता सरळ भेगा पडल्यात. मिठाचा हात कणकेत घातला की डोळ्यातून पाणी येतं. हिरवी मिरची चिरायची तर विचारूच नका. रात्री आग होते, झोप मोडते. गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठेना, डावा अंगठा चार वेळा पुसून दिला तरी नाही, मागे रांग, शेवटी दुकानदार म्हणाला उजवा द्या, तेव्हा काम झालं. इतकी लाज वाटली.

हे सुरू झालं साधारण मे महिन्यात. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, खाजेवर चालते म्हणाला, आणि खरंच तीन दिवसात फरक पडला. श्रावणात तर हात इतके छान झाले की मला वाटलं गेलं एकदाचं. पितृपक्षात परत सुरू, आणि आधीपेक्षा जास्त. परत ट्यूब, परत बरं, परत उलटलं. आता चौथी ट्यूब आहे. रबरी ग्लोव्ह्ज आणले तर आत घाम येऊन अजूनच खाज.

दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय, फराळाच्या ऑर्डरी घेतल्यात, चकल्या, शेव, शिवाय गुढीपाडव्यापासून लसणाची सुकी चटणी पण सुरू केलीय ती चांगली जाते, तिच्या ऑर्डरी वेगळ्या. हात असे राहिले तर मी काय करू? साबण बदलू का? लिक्विड चांगलं की वडी? घरगुती काही असेल तर सांगा, डॉक्टरकडे जायला वेळच मिळत नाहीये.

रानजाई

अगं बाई, किती सोसलंस! माझ्या हाताला दर थंडीत होतं. रात्री साजूक तूप चोळ आणि जुने सुती मोजे हातात घालून झोप, सकाळी फरक दिसेल. हळद आणि साय पण लाव. भांडी झाल्यावर लिंबाची फोड हातावर घास म्हणजे साबणाचा अंश निघून जातो. आणि माझी आजी भेगांना बिब्ब्याचं तेल लावायची, टाचा अगदी लोण्यासारख्या होत्या तिच्या.

मालवणी_तिरफळ

रानजाईताई, तूप-मोजे ठीक, पण लिंबू आणि बिब्बा नको हो! भेग पडलेल्या बोटावर लिंबू म्हणजे जखमेवर मीठच, आणि लिंबाचा रस लागलेले हात घेऊन उन्हात गेलं तर काळे डाग पडतात ते महिनोन् महिने जात नाहीत. आणि बिब्बा ज्याला उतला त्यालाच कळतं. आमच्या शेजारच्या काकांना उतला होता, तोंड एवढं सुजलं की बायको ओळखेना. टाचेच्या जाड कातडीवर आजीला चाललं म्हणून बोटाच्या नाजूक कातडीवर चालेलच असं नाही.

आमच्याकडे यावर एकच, मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल, थंड झालं की घट्ट गोळा होतो, गोव्यात भिरंडेल म्हणतात. आईच्या कपाटात कागदात गुंडाळलेला लाडू असायचा, पिवळट पांढरा, मेणासारखा. चमच्यात थोडा किसून दिव्यावर धरायचा, वितळला की कोमट असतानाच भेगेत सोडायचा. त्याला वास नाही की रंग नाही. आई काजूच्या कारखान्यात होती, टरफलाचं तेल हाताला लागून कातडी सोलायची, काळी पडायची. कामाला बसायच्या आधी बायका हाताला तेल नि राख फासायच्या आणि रात्री घरी मुठेल. बरं नाही व्हायचं पूर्ण, कारण सकाळी परत तेच काजू. पण चुरचुर कमी व्हायची एवढं नक्की.

श्टुटगार्टचा_बंड्या

इथे जर्मनीत हॉस्पिटलात नर्स आहे, हात हा आमचा रोजचा विषय, म्हणून लिहितो.

ताई, तुमचं काम म्हणजे इथल्या भाषेत फॉइश्टआरबाइट, ओलं काम. यासाठी इथे वेगळा शब्द आहे आणि वेगळा नियम पण आहे. दिवसात दोन तासांपेक्षा जास्त हात पाण्यात असतील तर मालकाने डॉक्टरी तपासणी देऊ करावी लागते आणि चार तास झाले की ती सक्तीचीच. कामाच्या जागी सिंकजवळ हात सांभाळायचा तक्ता लावलेला असतो, कामाआधी कुठलं क्रीम, धुवायचं कशाने, कामानंतर काय. मी पहिल्या दिवशी हसलो होतो, आपल्याकडे हात धुवायला शिकवतात, हे हात जपायला शिकवतात. दुसऱ्या हिवाळ्यात माझी बोटं फाटली तेव्हा हसू गेलं.

कातडीचा वरचा थर म्हणजे विटा आणि मधे गिलावा असं समजा, गिलावा तेलकट असतो. साबण तेल काढायलाच बनवलाय, त्याला कढईचं तेल कुठलं नि तुमचं कुठलं हे कळत नाही. त्यात कातडी असते किंचित आंबट बाजूची, पीएच पाचच्या आसपास, आणि अंगाचा साधा साबण नऊ-दहा, म्हणजे अगदी उलट, खाराच्या बाजूचा. भांड्याच्या वडीत तर सोडा असतो आणि घासायला दगडाची भुकटी. म्हणजे वडी की लिक्विड यात लिक्विड बरं, पण ते पाण्यात पातळ करून, थेट तळहातावर ओतून नाही. गिझरचं कढत पाणी नको, कोमट घ्या, गरम पाण्याने तेल अजून लवकर जातं.

ग्लोव्ह्ज बंद करू नका, घालायची पद्धत बदला. आत पातळ सुती हातमोजे घाला, पांढरे मिळतात, चारपाच जोड घेऊन ठेवा. वरून रबरी. वीसेक मिनिटांत काढायचे. आतलं सुती दमट झालं की बदलायचं, तसंच घालून बसलं तर घामाने तेच होतं जे पाण्याने होतं. ग्लोव्ह्जच्या आत पाणी शिरलं तर लगेच काढा, उलटे करून धुवा, वाळवा. आणि घालायच्या आधी अंगठी काढा हो, अंगठीखाली साबण साचतो, बऱ्याच जणांचं तिथूनच सुरू होतं.

अजून एक, हे ऐकून लोक वेड्यात काढतात. हात दिसायला घाण नसतील, नुसते स्वच्छ करायचेत, तर ग्लिसरीन असलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर साबणापेक्षा कातडीला कमी त्रास देतं. उघड्या भेगेवर झोंबतं खूप, म्हणून लोकांना वाटतं तेच वाईट. तुमच्याकडे गॅस आहे, तर पूर्ण वाळल्याशिवाय शेगडीजवळ जायचं नाही. आणि कणीक, तिखट, तेल लागलं असेल तर पाणी-साबणाला पर्याय नाही.

अण्णा_सोलापूर

सॅनिटायझर साबणापेक्षा बरं??? कोरोनात ते चोळून चोळून माझे हात सुकट बोंबलासारखे झाले होते.

श्टुटगार्टचा_बंड्या

अण्णा, कोरोनात आपण सगळे दोन्ही करत होतो ना, आधी साबणाने वीस सेकंद आणि वरून सॅनिटायझर, ते पण कुठलं तरी स्वस्तातलं. एकावर एक करायचं नसतं.

पोळीभाजी_डोंबिवली

सगळ्यांचे आभार, इतकं लिहिलंत. मुठेल बघते, दादरला कोकणातल्या वस्तूंचं दुकान आहे तिथे विचारते. सुती मोजे आजच आणायला सांगितले. अंगठी निघतच नाहीये, बोट सुजलंय, साबण लावून काढू म्हटलं तर साबणच तर नको 😀

पण बंड्यादादा, एक कळत नाही. भांडी मी गेली सहा वर्षं घासतेय, तेच लिक्विड, तेवढीच भांडी. आत्ताच काय झालं?

जुनी_सिस्टर

हाच प्रश्न मी विचारणार होते. 31 वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ त्वचारोगाच्या ओपीडीत, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते.

मला सांगा, दोन्ही हात सारखे आहेत का? डाव्याची कुठली बोटं आणि उजव्याची कुठली? तळहात कसा आहे? बोटांच्या मधल्या बेचक्यात काही आहे का, घरात अजून कोणाला रात्रीची खाज? साबुदाण्याच्या दाण्यासारखे बारीक पाण्याचे फोड येतात का बोटांच्या कडांना? आणि तुम्ही डावखुऱ्या नाही ना?

विचारतेय कारण तुम्ही लिहिलंय मशीनवर डावा अंगठा उठला नाही, उजवा उठला. भांडी दोन्ही हातांनी घासतो.

ट्यूबवर काय लिहिलंय ते पण टाका, नाव नको, बारीक अक्षरात घटक असतात ते.

पोळीभाजी_डोंबिवली

सिस्टर, मी आत्ता दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि मलाच कसंतरी झालं. सहा महिने माझेच हात मी नीट बघितले नाहीत. उजवा हात कोरडा आहे, खरखरीत, पण भेगा नाहीत. डाव्याचा अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं, या तीनच बोटांची टोकं फाटलीयत. करंगळी आणि तिच्या शेजारचं अगदी चांगलं. तळहात ठीक. बेचक्यात काही नाही, फोड नाहीत, घरात कोणाला खाज नाही. डावखुरी नाहीये.

ट्यूबवर क्लोबेटासॉल, मग निओमायसिन, मग मायकोनाझोल असं आहे.

जुनी_सिस्टर

लसूण किती सोलता हो आठवड्याला?

पोळीभाजी_डोंबिवली

चटणी सुरू केल्यापासून किलो दीड किलो. दिवाळीच्या ऑर्डरींमुळे आता दोन. आधी भाजीपुरता, चार गड्डे. पण लसणाचा काय संबंध?

जुनी_सिस्टर

असेल असं म्हणत नाही, पण तपासायला हवं इतकं नक्की. सुरी उजव्या हातात असते, पाकळी धरता डाव्याने, अंगठा आणि दोन बोटं. तुमची नेमकी तीच तीन बोटं. ओपीडीत असे हात घेऊन बायका यायच्या, बऱ्याचशा स्वयंपाकाच्या कामाच्या, खानावळवाल्या, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, साबण सोसत नाही. आमचे सर आधी काही न बोलता हातात पेन द्यायचे आणि म्हणायचे, हा लसूण, सोलून दाखवा. बाई पेन धरायची आणि बोटं बरोब्बर भेगांवर पडायची.

लसणात डायअ‍ॅलिल डायसल्फाइड नावाचा घटक असतो, अ‍ॅलर्जी मुख्यतः त्याची. आणि अ‍ॅलर्जी म्हणजे पहिल्या दिवसापासून असते असं नाही, वर्षानुवर्षं हात लावल्यावर एक दिवस शरीर ठरवतं की आता नको. त्यात तुमची कातडी भांड्यांनी आधीच उघडी पडलेली, तिथून तो रस आत जाणं सोपं. म्हणजे बंड्या म्हणतो ते ओलं काम आहेच, उजवा हात कोरडा आहे तो त्यानेच. डाव्याला वर हे दुसरं.

आता श्रावणाचं सांगा. तुमचे डबेवाले श्रावण पाळतात?

पोळीभाजी_डोंबिवली

अयाई ग.

हो. श्रावण ते अनंत चतुर्दशी कांदा-लसूण बंदच असतो आमच्याकडे, डब्यातही नाही आणि चटणी तर कोणी मागतच नाही. चतुर्दशीनंतर पहिली चटणी केली ती पितृपक्षात, एका ऑफिसची एकदम तीन किलोची ऑर्डर होती. आणि मी अख्खा श्रावण त्या ट्यूबचे गुण गात होते, दोन मैत्रिणींना पण दिली ती आणून 🤦

अण्णा_सोलापूर

मला काही पटत नाही. आमच्या घरात लसणाशिवाय पान हलत नाही, शेंगाचटणी, ठेचा, आई ऐंशी वर्षांची आहे, आयुष्यभर लसूण सोलला, हात बघा ठणठणीत. उगाच लसणाला बदनाम करू नका. बोअरचं पाणी असेल जड, ते बघा आधी.

जुनी_सिस्टर

अण्णा, तुमच्या आईंना नाही झालं म्हणून यांना होणार नाही असं नसतं. तुमच्या सोलापूरकडे गाजर गवत उपटायला शंभर माणसं लावली तर सगळ्यांना थोडीच उठतं? दहापाच जणांचे हात, मान, चेहरा जळतो, बाकीचे तसेच घरी जातात. जड पाण्याने कोरडेपणा वाढतो हे मात्र बरोबर, पण पाणी दोन्ही हातांना लागतं.

ताई, आता मुख्य गोष्ट. ती ट्यूब. क्लोबेटासॉल हे सगळ्यात जोरकस स्टिरॉइडपैकी आहे. वाईट औषध नाही, हाताच्या एक्झिमाला, म्हणजे इसबाला, डॉक्टर स्वतः देतात, पण मोजून, ठराविक दिवस, आणि मग कमी करत नेतात. 2018 मधे सरकारने अशा लावायच्या स्टिरॉइडना शेड्यूल एच मधे टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, तरी काउंटरवर मिळतं ते मिळतंच. मनाने वर्षभर लावलं की कातडी पातळ होते, आणि खाली नायटा असेल तर तो दबून पसरतो, ओळखूच येत नाही. एकाच हाताला असलं की हे पण बघावं लागतं, दोन पाय आणि एक हात असा नायटा असतो, म्हणून पायाचे तळवे पण डॉक्टरांना दाखवा. शिवाय त्या ट्यूबमधलं निओमायसिन, त्याचीच काहींना अ‍ॅलर्जी असते. म्हणजे खाज थांबवायला लावताय तेच खाज देतंय असंही होऊ शकतं.

एकदम फेकून देऊ नका, पण पाचवी आणू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि पॅच टेस्ट विचारा. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, तेव्हा बघतात आणि परत चौथ्या दिवशी बघतात. तेवढे दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही. पाठीवर आधी स्टिरॉइड लावलेलं नको. लसणाचा घटक नेहमीच्या संचात नसतो, तो वेगळा सांगावा लागतो, म्हणून तुम्ही आपणहून सांगा की मी लसूण सोलते. आणि घरी लसूण ठेचून हातावर बांधून बघू नका, कच्च्या लसणाने चांगल्या कातडीलाही भाजल्यासारखे फोड येतात.

आणि एक कडू बोलते, राग मानू नका. भेगेतून पू, पिवळी खपली, बोट लाल गरम, असं काही दिसलं तर त्या दिवशी दुसऱ्यांच्या जेवणाला हात लावायचा नाही. ते जंतू अन्नात गेले तर 35 घरं आजारी पडतील.

पोळीभाजी_डोंबिवली

राग कसला सिस्टर, डोळे उघडले. पू नाहीये. शनिवारी डॉक्टरची वेळ घेतली. ग्लोव्ह्ज घालून लसूण सोलला तर चालेल का तोपर्यंत? ऑर्डरी आहेत हो.

जुनी_सिस्टर

नाही. तो घटक बहुतेक सगळ्या ग्लोव्ह्जमधून आरपार जातो, साधे रबरी असोत की नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे. वरून बरं वाटतं आणि आत तेच चालू. लसूण दुसऱ्या कोणाकडून तरी सोलून घ्या.

मालवणी_तिरफळ

बाजारात सोललेला लसूण मिळतो की पाकिटात. थोडा महाग पडेल पण ट्यूब आणि डॉक्टरपेक्षा स्वस्त. नाहीतर घरचे पुरुष काय करतात?

रानजाई

तिरफळ 😂😂 आणि सिस्टर, लिंबू-बिब्ब्याचं मी मागे घेते. तूप मात्र राहू द्या.

जुनी_सिस्टर

तूप राहू द्या, पण रात्रीच. दिवसा साधी पेट्रोलियम जेली सगळ्यात उत्तम, सुगंध नाही, रंग नाही, अ‍ॅलर्जी जवळजवळ कोणालाच नाही. मुठेल पण चालेल. हात टिपून घ्यायचे, पुसून कोरडे ठक्क करायचे नाहीत, किंचित ओल असतानाच लावायची. एकदा भरपूर लावण्यापेक्षा दहा वेळा थोडी थोडी. ओट्यावर एक डबी, बेसिनपाशी एक, उशाशी एक. एकच डबी असली की ती नेमकी दुसऱ्या खोलीत असते. युरियावालं क्रीम कोरड्या कातडीला छान पण उघड्या भेगेवर आग आग करतं, ते भेगा मिटल्यावर.

डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं तर मोजायचं कसं ते सांगून ठेवते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून रेघ काढायची, पेर संपलं की थांबायचं. ते साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुमच्या तीन टोकांना त्याचा छोटासा तुकडा.

कणीक_मशीन 

मधेच घुसतो. आमची पोळीकेंद्राची गाडी आहे, कणकेसाठी मळायचं मशीन घेतलं तीन वर्षांपूर्वी, पाच किलो एका घाण्यात. 150 पोळ्यांना जुनं घेतलंत तरी पुरेल. मशीनची कणीक हाताची होत नाही असं सगळे म्हणतात, मी पण म्हणायचो. मळून झाल्यावर ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवा आणि मग तेलाचा हात फिरवा, गिऱ्हाइकाला कळत नाही. माझ्या बायकोला तरी कळत नाही, आणि ती माझ्या पोळीत खोट काढायची संधी सोडत नाही.

श्टुटगार्टचा_बंड्या

लिक्विडबद्दल एक राहिलं. काही भांड्याच्या लिक्विडमधे आणि ओल्या टिश्यूंमधे मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं टिकवणारं रसायन असतं, अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (काहीतरी लागून कातडीला होणाऱ्या त्रासाच्या) संस्थेने 2013 साली त्यालाच त्या वर्षीचा अ‍ॅलर्जन जाहीर केलं होतं. ताई, पॅच टेस्टला तुमच्या लिक्विडची बाटली पण घेऊन जा, लेबल डॉक्टरांना बघू द्या. आणि रबरी ग्लोव्ह्जचा पण एक तुकडा. रबर बनवताना घातलेल्या रसायनांची अ‍ॅलर्जी असते काहींना, नायट्राइलमधे पण ती असू शकतात, मग विनाइलचे घ्यावे लागतात.

पोळीभाजी_डोंबिवली

मंडळी, आले परत. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न पण झालं, आता कुठे बसायला मिळालं. धागा खाली गेला होता, वर काढतेय कारण दोघीतिघींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं पुढे काय झालं.

शनिवारी गेले डॉक्टरांकडे. त्यांनी आधी पाय बघितले, सिस्टर, मी मनात म्हटलं आता दोन पाय एक हात निघणार. काही नव्हतं. मग मी लसणाचं सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या हे तुम्हाला कोणी सांगितलं, मी सांगितलं नेटवर एक सिस्टर आहेत.

पॅच टेस्ट दिवाळी झाल्यावर केली, आधी ट्यूब हळूहळू सोडवली. चार दिवस पाठ कोरडी ठेवायची, केस पण धुवायचे नाहीत, आणि स्वयंपाकघरात घाम, जीव गेला. पाठीवर लसणाची चकती जिथे होती तिथे लाल, उचललेलं, बारीक फोडांसकट. मुलाने फोटो काढून दाखवला. निकेलला पण थोडं आलं, ते मला माहीतच होतं, खोटे कानातले घातले की कान वाहतात. लिक्विड आणि ग्लोव्ह्ज निर्दोष सुटले, सहा महिने मी त्या लिक्विडला शिव्या देत होते.

खायला बंदी नाही म्हणाल्या, शिजलेला खा, त्रास झाला तर सांगा. कच्च्याला हात नाही. त्यांनी पण मोजून स्टिरॉइड दिलं, दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड, मग फक्त शनिवार-रविवार. आणि म्हणाल्या वरून बरं दिसलं तरी आतून कातडी पक्की व्हायला चारपाच महिने जातात, म्हणून ग्लोव्ह्ज आणि जेली सोडायची नाही. मला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, मी बरं दिसलं की दुसऱ्या दिवशी परातीला हात घालत होते.

भेगा मिटल्या. कातडी अजून गुलाबी आहे, पातळ वाटते, नवीन भांड्यावर कल्हई केल्यासारखी. अंगठ्याच्या रेषा पूर्ण आल्या नाहीयेत पण या महिन्यात रेशनच्या मशीनवर डावा अंगठा दुसऱ्या खेपेला उठला. दुकानदाराला काय कळणार मला किती आनंद झाला ते.

जुनं मशीन घेतलं कणकेचं, ठाण्यातल्या एका बंद झालेल्या केटररकडून. पोळीवाल्या ताई दोन दिवस फुगून बसल्या होत्या, आता म्हणतात बरं आहे. अंगठी सोनाराकडून कापून घेतली, तिच्याखाली पांढरी मऊ चाकोरी पडली होती, बंड्यादादा बरोबर बोललात.

आणि लसूण आता आमचे अहो सोलतात. रोज रात्री मॅच लावून परात मांडीवर घेऊन बसतात, पहिल्या आठवड्यात गड्ड्यामागे एक पाकळी माझ्याकडे बघून जमिनीवर पडायची. आता हात बसलाय. साल सगळं सोफ्याखाली.

अण्णा_सोलापूर

बरं झालं. माझे शब्द मागे. चटणी सोलापूरला पाठवता का? अर्धा किलो.

पोळीभाजी_डोंबिवली

पाठवते की अण्णा, पण पुढच्या आठवड्यात. सध्या टेस्ट मॅच नाहीये, लसूण सोलून झालेला नाही.